शर्यतीत मिळालेले बूट

मशीनची सुई बोटात घुसली म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकू हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन मुली फॉर्म भरत होत्या. काकू मुद्दाम ऐकत नव्हत्या, पण कानावर पडत होतं.

“‘इजा कशी झाली’ इथे काय लिहू?”

“पडले म्हणून लिही.”

“मागच्या खेपेलाही पडलीसच. धावताना माणूस दर वेळी पाठीवर पडतं होय गं?”

“हळू बोल ना. सरांची ओळख सगळीकडे आहे.”

“असू दे. मी आहे, आपण कामाला जातो त्या बेकरीतल्या सगळ्याजणी आहेत.”

“तुम्ही भेटून महिना झालाय. सरांकडे धावायला शिकण्यात मी सात वर्षं काढलीत.”

“सुरुवात कशी झाली?”

“बुटांनी. पहिल्याच आठवड्यात नवे बूट दिले. म्हणाले, घरी सांग, शर्यतीत मिळाले. मी सांगितलं. आई किती खूश झाली! मग मार खाल्ल्यावरही घरी काहीबाही सांगायला जमायला लागलं.”

“मी खरं तेच लिहिते. ‘सरांनी मारलं.’ लिहू?”

“थांब...”

“लिहू?”

“लिही. पट्ट्याने, तेही लिही.”

काकूंचा नंबर पुकारला. त्या उठल्या, पण आत गेल्या नाहीत. दाराशी जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, छकुली कुठेय?”

“आत्ताच गेली मैदानावर. सर स्वतः न्यायला आले होते. शर्यतीत मिळालेले ते नवे बूट घालून गेली.”