चंपाचा उपवास

डॉक्टर : (टेबलावरच्या कुत्रीचं पोट चाचपत) खरं सांगा बा, शेवटचं काय खाल्लंय चंपानं?

बा : काही नाही हो. कडक उपवास. तुम्हीच ना फोनवर म्हणालात, रात्रीपासून कुत्रीला उपवास ठेवा? ठेवला.

डॉक्टर : मग पोट एवढं टम्म कसं?

बा : साबुदाण्यानं होतं तसं थोडं.

डॉक्टर : साबुदाण्यानं?

बा : वाटीभर खिचडी दिली. शेंगदाणे वेचून काढले हं. त्याच्याआधी राजगिऱ्याच्या दोन पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. मिरची नाही, मीठसुद्धा सैंधव.

डॉक्टर : केव्हा?

बा : आत्ता, निघताना. ऑपरेशनला न्यायचं जनावर, उपाशी कसं न्यायचं?

डॉक्टर : बा, उपवास म्हणजे काही खायचं नाही.

बा : फराळसुद्धा नाही?

डॉक्टर : आमच्यात उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी. तेही सूर्य मावळेपर्यंत.

बा : तुमच्यात म्हणजे?

काका : (बायकोला) अगं, या जैन आहेत. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, डॉक्टर फाल्गुनीबेन शाह. आणि आपण वैष्णव. एकादशी आणि दुप्पट खाशी.

बा : तुम्ही गप्प बसा. तीन पुऱ्या तुम्हीच खाल्लात, तुमचा तर उपवासही नव्हता. अहो डॉक्टरबेन, मग फोनवर सांगायचं ना, जैन उपवास म्हणून! हाय हाय, बिचारीला उगाच राजगिरा खायला लावला. तिला आवडत नाही.

डॉक्टर : चूक माझी. 'काहीही देऊ नका' असं म्हणायला हवं होतं. पण आज ऑपरेशन होणार नाही. भूल दिली की खाल्लेलं वर येतं, श्वासनळीत जातं. जिवावर बेतेल.

काका : झालं तर मग. देवाच्याच मनात नाही. मी म्हणतच होतो. चल चंपा, घरी.

डॉक्टर : काका, बसा. आज नाही म्हटलंय, नकोच असं नाही म्हटलं. दहा-पंधरा दिवसांत ती माजावर येईल. गेल्या खेपेला हिच्या गर्भाशयात पू झाला होता, आठवतंय?

बा : आठवत नाही होय? पाच दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं तिनं.

डॉक्टर : औषधानं कशीबशी वाचली. हे दुखणं उलटतं. आणखी एकदा झालं तर मी काही खात्री देत नाही. पिशवीच काढली की तो धोका संपला.

काका : पण मुक्या जिवाचं आईपण काढून घ्यायचं? पाप कुणाच्या माथी?

बा : माझ्या. लिहून घ्या. तीन वेतांत चौदा पिल्लं झाली तिला. किती राहिली, सांगा बघू.

काका : दोन तर आपल्या पोळेतच, गल्लीतच आहेत.

बा : दोन. बाकीची स्कूटरखाली, गटारात, थंडीत. प्रत्येक वेळी पोळेतल्या बायका पीठगूळ गोळा करून बाळंतिणीला शिरा घालतात, आणि आठ दिवसांनी पिल्लं उचलायला मीच जाते. शिरा घालणाऱ्यांतलं कुणी येत नाही.

काका : शेजारच्या नटूभाईंनी त्यांच्या मोतीचं केलं. काय झालं? पूर्वी वाघ होता वाघ.

डॉक्टर : आता कसा आहे?

काका : आता घरी असतो.

डॉक्टर : आधी?

काका : आधी चार-चार दिवस बेपत्ता असायचा. कान फाडून यायचा.

बा : तुम्हाला तेच बरं वाटतं.

डॉक्टर : काका, नराला इतकं लागतही नाही. तासाभराचं काम. भटकणं कमी, मारामाऱ्या कमी. वजन तेवढं सांभाळायचं, पुऱ्या कमी करायच्या.

काका : मला पुऱ्यांचं सांगू नका. माझा प्रश्न साधा आहे. चंपाला कुणी विचारलं का?

बा : तुम्ही मला विचारलं होतं का?

काका : तुझा काय संबंध?

बा : आपल्या दक्षाच्या वेळी. माझं तिसरं बाळंतपण. नर्सबेननं मला विचारलं, बेन, ऑपरेशन करून टाकायचं का, अंगात रक्त नाही तुमच्या. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर तुमच्या बा, माझ्या सासूबाई, दारातूनच म्हणाल्या, आमच्यात नाही करत. कागद तुमच्यापुढे आला. तेव्हा नवऱ्याची सही लागायची.

काका : बा होती समोर. मी काय बोलणार?

बा : काही बोलला नाहीत. कागद घडी घालून परत दिलात. पुढे आणखी दोन झाली. दोन्ही गेली.

काका : तू कधी बोलली नाहीस.

बा : विचारलं कुणी?

(चंपा टेबलावरच आडवी होते. काका तिच्या पोटावरून हात फिरवतात.)

काका : डॉक्टरबेन, उद्या किती वाजता आणायची?

डॉक्टर : नवाला. रात्री आठनंतर काही नाही. खिचडी नाही, राजगिरा नाही, प्रसादाचा कण नाही. सकाळी पाणीही नाही.

काका : मी बसतो तिच्याजवळ. हिला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही.

बा : वा! एवढ्या वर्षांनी राखण करायला निघाले.

डॉक्टर : आणि हा संमतीचा कागद. भूल, ऑपरेशन, सगळं लिहिलंय. खाली मालकाची सही लागेल. काका, पेन देऊ?

काका : मला नको. तिच्यापुढे ठेवा.

बा : माझी चालते?

डॉक्टर : मालक तुम्ही असाल तर तुमचीच लागते.

बा : चष्मा द्या हो माझा, पिशवीत आहे. घाई करू नका कुणी. आधी वाचते.