भार सोपवला, मग काळजी कुणाची?

मंडळी, ऐका! आपण हात जोडतो आणि म्हणतो, "देवा, तुझ्यावर भार टाकला." छान! पण भार टाकला म्हणजे आपण सुटलो का? तेवढ्याच प्रश्नासाठी आज उभा आहे. आणि उत्तर कुठून देणार? सांगलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून! पेटीवाले, हसू नका. माणसं असतात तिथे आख्यान असतंच.

ही कंपनी रक्तपेढ्यांसाठी काम करायची. कोण रक्तदाता, कुठल्या गटाचा, राहतो कुठे — ही सगळी माहिती एका मोठ्या कोठारात. त्याला म्हणतात डेटाबेस. हे कोठार ऑफिसातल्या एका थंडगार खोलीत, एका मशीनवर होतं, आणि त्या मशीनची राखण करायचे अनंत चौगुले. राखण कसली, पहारा! मेहुणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी फोन आला, हे निघाले. बायको सुनंदाबाई कुठे जायचं ठरवायच्याच नाहीत. ठरवून करायचं काय?

एकदा दोघं कशीबशी एसटीत बसली. कराडला पोचतात तोच मशीन बंद पडलं. अनंतराव तिथूनच परत. दुपारभर रक्तपेढ्या एकमेकींना फोन करत राहिल्या. निभावलं, पण कंपनीच्या मालकीण वैजयंती मगदूम यांनी ठरवून टाकलं. म्हणाल्या, हे कोठार आता क्लाउडवर नेऊ. म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या मशीनवर. भाडं आपण द्यायचं. मशीन बिघडलं तर दुसरं उभं करणं, प्रती काढून ठेवणं, सगळं त्यांनी बघायचं.

अनंतरावांना लागलं हो ते. इतकी वर्षं जपलेलं परक्याच्या हाती! पण कोठार हललं, आणि नीट चालू लागलं. अनंतराव सुनंदाबाईंना घेऊन गुहागरला गेले. समुद्रात पाय बुडवून उभे, आणि फोन खिशात गप्प! बाई म्हणाल्या, "बिघडलाय का बघा."

इथे आख्यान संपलं असतं, तर मी आत्ताच बसलो असतो. पण झालं काय? वैजयंतीबाईंनी सांगितलं होतं, जुनी प्रत अधूनमधून उघडून बघायचा सराव ठेवा. अनंतराव म्हणाले, बघू. मग म्हणाले, ते लोक आहेत की! सवय गेली. मशीनचा भार गेला, तो बरोबर काळजीही घेऊन गेला.

एका सकाळी कंपनीतला प्रोग्रामर निरंजन दोनदा आलेली नावं पुसत होता. मशीनला दिलेला हुकूम चुकला. शेकडो खऱ्या दात्यांची नावं गेली, आणि त्याला पत्ताच नाही! थोड्या वेळाने मिरजेच्या एका रक्तपेढीतून फरीदा मुजावर यांचा फोन. एक बाई बाळंत झालेली, रक्तस्राव थांबेना, आणि तिचा गट इतका दुर्मिळ की अख्ख्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच दाते. फरीदाबाई म्हणाल्या, परवापर्यंत नावं दिसत होती, आज एकही नाही.

अनंतरावांनी तडक क्लाउडवाल्यांना फोन लावला. तुमच्यावर विसंबलो, तुम्ही माहिती घालवलीत, म्हणाले. पलीकडून शांत उत्तर आलं, "साहेब, मशीन ठीक आहे. पुसण्याचा हुकूम तुमच्याकडून आला, तो पाळला गेला. आधीच्या क्षणाचं कोठार परत उभं करता येईल. पण क्षण कुठला, ते तुम्हीच सांगायचं."

मंडळी, हे उत्तर नीट ऐका. आता राग कुणावर काढायचा?

निरंजन पांढराफटक पडला होता. अनंतराव त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "चूक नंतर बघू. तू हुकूम कधी दिलास, एवढं आठव." दोघांनी नोंदी चाळल्या, वेळ सापडली. त्याच्या जरा आधीचं कोठार वेगळ्या जागी उभं करायला लावलं. ते उभं राहीपर्यंत अनंतराव एकदाही खुर्चीवरून उठले नाहीत. सराव केला असता तर पहिली काही मिनिटं चाचपडण्यात गेली नसती, हे त्यांना आतून टोचत होतं.

नावं परत आली! फरीदाबाईंनी फोन लावले. इस्लामपूरचा एक शिक्षक शाळेतून तसाच निघाला, आणि संध्याकाळी फरीदाबाईंनी कळवलं, आई शुद्धीवर आहे, बाळाला पदराखाली घेतलंय.

कोठार परत ऑफिसात आणलं का? मुळीच नाही. ते तिथेच राहिलं. पण दर महिन्याला अनंतराव आणि निरंजन जुनी प्रत उभी करून बघायला लागले. आणि वेळेवर घरीही जायला लागले!

आता तुमच्याकडे वळतो. घरी आईसाठी बाई ठेवलीत. चांगलं केलंत, तुमच्याने उचलणं-बसवणं होत नव्हतं. त्यात लाज नाही. पण आज आई दुपारी काय जेवली, हे तुम्हाला माहीत आहे का? असू द्या. तो वर बसलाय, तो त्याचं काम चोख करतो. आता दोन टाळ्या त्याच्यासाठी वाजवा, नाव घ्या, आणि घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी आईच्या खोलीत डोकावा.