बाटवलेलं पाणी

मंडळी, आसनं सावरा, खोकून घ्या, आणि एका प्रश्नाकडे चित्त द्या. दान पुरं कधी होतं? देणाऱ्याच्या हातून सुटलं तेव्हा, की घेणाऱ्याच्या घशाखाली उतरलं तेव्हा? पुढच्या रांगेतले काका म्हणताहेत, फोटो निघाला तेव्हा. बसा काका, आख्यानात तुमचंही काम निघणार आहे.

तर ऐका. शार्दूल नावाचा एक तरुण होता. शार्दूल म्हणजे वाघ. आईबापांनी मोठ्या आशेने नाव ठेवलं, आणि मुलगा असा निघाला, की रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत आणलं तरी ‘इथेच यायचं होतं’ म्हणून उतरायचा. मनात मात्र शब्दांचं तळं भरलेलं – घडीव, डौलदार, संस्कृताच्या काठाकाठाने चालणारे शब्द. ते ओठांपर्यंत यायचे आणि दार बंद दिसलं म्हणून आल्या पावली परतायचे. त्या परतणाऱ्या शब्दांचा आवाज त्याच्या एकट्यालाच ऐकू यायचा.

हा शार्दूल एका सेवामंडळाबरोबर डोंगरातल्या करवंदवाडीला गेला. वाडीची माणसं ओढ्याकाठच्या वाळूत खड्डा उकरून त्यात झिरपलेलं पाणी प्यायची. त्याला तिकडे झिरा म्हणतात. झिऱ्याशेजारीच गुरं बसायची, शेजारीच धुणी व्हायची, आणि पावसाळा लागला की घरोघरी पोरं जुलाबाने आडवी. मंडळाने ठरवलं – वरच्या अंगाचं पाणी नळीने आणायचं, गाळून टाकीत सोडायचं, टाकीला नळ बसवायचा. काम उत्तम झालं. शहरातल्या पोरांनी चर खणले, तळहातांना फोड आले, फोडांचेही फोटो निघाले. काका, आलं बघा तुमचं काम.

मग उद्घाटन. मंडळाचे प्रमुख विश्रामसर हौशी गृहस्थ. त्यांनी टाकीला झेंडूचं तोरण बांधलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली. चौथऱ्याचं सिमेंट अजून ओलं होतं, म्हणून म्हणाले, “मंडळी, चपला खाली काढून या.” सगळे अनवाणी चढले. आणि त्यांना काय सुचलं कोण जाणे – “आता आपला शार्दूल दोन शब्द बोलेल.”

दोन शब्द! अहो, त्याला एक जड जात होता. भाषण पाठ होतं – जंतू, जुलाब, हंड्यावर झाकण. सगळं उडालं. हाती दोन वाक्यं उरली. “हे जल अत्यंत शुद्ध आहे. याचं पावित्र्य जपा.” एवढं बोलून तो मटकन बसला. अख्ख्या वाडीने हात जोडले. आयुष्यात प्रथमच आपलं बोलणं माणसांच्या हृदयाला भिडलं, असं शार्दूलला वाटलं. भिडलंच होतं, मंडळी. घोटाळा तिथेच झाला.

श्रावणात तो एकटाच परत आला, गाळणी तपासायला. चढणीवर हिरव्या गवताचा ओला वास, खाली ढगांची सावली शेतावरून हळूहळू सरकत होती. त्याला उगाच वाटलं, या साऱ्या भिजलेल्या जगात आपणही कुणाच्या तरी उपयोगी पडलो. आणि समोर टाकी आली.

टाकीभोवती रांगोळी. नळाला लाल कापड. पुढ्यात तांब्या आणि पळी. चौथऱ्याखाली चपलांची रांग. शेजारी पाट टाकून बसलेले वाडीतले सर्वांत वडीलधारे येसूआजा, कपाळी गंध. आणि त्यांच्यासमोरून बायका डोक्यावर हंडे घेऊन, टाकीला नमस्कार करून, चालल्या होत्या – कुठे? झिऱ्यावर.

शार्दूल आजांपाशी गेला. “आजा, या नळाचं पाणी तुम्ही पीत नाही?”

“पितो तर. रोज आंघोळ करून. पळीभर.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं कसं पिऊ? तुम्हीच सांगून गेलात ना, पावित्र्य जपा. जपतोय. एका पोरानं हात धुतले, त्याला दिवसभर उपाशी बसवला.”

“अहो, पण स्वयंपाकाला, भांड्यांना...”

“देवाच्या पाण्यानं भांडी घासू? तुमच्या शहरात घासतात का?”

शार्दूलने मनातलं तळं ढवळलं आणि त्यातून पुन्हा एक घडीव शब्द काढला. “आजा, हे पाणी पिण्यायोग्य आहे.”

“ते खरं हाय,” आजा शांतपणे म्हणाले. “पण आम्ही त्या योग्य नाय.”

हसलात? हसा. शार्दूलला हसू आलं नाही. कुणीतरी छातीवर पाटा ठेवावा तसं ते वाक्य त्याच्यावर बसलं.

तेवढ्यात झिऱ्याकडून सगुणा आली. डोक्यावर भरलेला हंडा, कडेवर लेक भिमी. पोरीची मान आईच्या खांद्यावर कलंडलेली, डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे.

“काय झालं हिला?”

“जुलाब, भाऊ. थांबतच नाय. रोज तीर्थ देते, नेमानं. माझीच भक्ती कुठं तरी कमी पडत असंल.”

मंडळी, त्या माऊलीची भक्ती कमी पडली नव्हती. शार्दूलचं मराठी जास्त झालं होतं.

भिमी पुटपुटली, “आई, पाणी.” सगुणाने हंडा उतरवला, वाटी बुडवली. वाटीत झिऱ्याचं गढूळ पाणी. ते पोरीच्या ओठांकडे निघालं, आणि शार्दूलला कळलं, की आता समजावायला वेळ नाही.

काय केलं असेल त्याने? भाषण? छे. तो चपलांसकट चौथऱ्यावर चढला. लाल कापड ओढून काढलं. नळ सोडला आणि शाळकरी पोरासारखं थेट नळाला तोंड लावलं. हनुवटीवरून ओघळ, शर्ट भिजलेला. मग चूळ भरली. आजांनी डोळे मिटले. मग चपलांसकट पाय धुतले, चांगले खळखळून. आजांनी कानांवरही हात ठेवले.

“भाऊ,” आजा पाटावरून उठत म्हणाले, “बाटवलंत. पाणी बाटवलंत तुम्ही.”

आणि हा लाजरा वाघ, धावत जमलेल्या वाडीदेखत, पहिल्यांदा साधं मराठी बोलला. “हो आजा. बाटवलं. आता ते देवाचं राहिलं नाही. आता फक्त तुमचं आहे. हंडे भरा.”

थांबा, मंडळी, इथे क्षणभर थांबा. ‘बाटलं’ हा शब्द आपल्याकडे फार जुना. हा एक शब्द उच्चारून आपण किती माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी करवंदवाडीत त्याच शब्दाने माणसं पाण्यापाशी आली.

शार्दूलने तांब्या काठोकाठ भरला, साखर-मीठ मागवून त्यात विरघळवलं आणि भिमीपुढे धरला. सगुणा मागे सरकली. “पाप लागंल, भाऊ.”

“लागलं तर मला लागेल. पाजा.”

पोर प्यायली. आधी घोटघोट, मग दोन्ही हातांनी तांब्या धरून. पळीने नव्हे. लगेच तिला खालच्या गावातल्या दवाखान्यातही नेलं, कारण हा प्रसंग चमत्काराचा नाही. आठवडाभरात भिमी कोंबडीमागे धावू लागली. पण पोर प्यायली त्याच दिवशी सगुणाने झिऱ्याचा हंडा घरामागच्या परड्यात रिकामा केला आणि नळाखाली लावला. तिच्यामागे दुसरा, मग तिसरा.

आणि येसूआजा? रुसले. शार्दूलशी बोलेनात. पण पाट तिथेच. दुसऱ्या दिवशी बायकांनी गलका केला तशी त्यांनी काठी आपटली. “देव गेला तर गेला, निदान रांग तरी नीट लावा!”

आता तुमच्याकडे वळतो. देणाऱ्याने घेणाऱ्याला त्या दानायोग्य मानल्यावाचून दान पुरं होत नाही, एवढं आख्यानाचं सार. ऐकायला गोड आहे. तुम्ही माना डोलावल्यात, हात जोडलेत, पळीभर घेतलंत आणि डोक्याला लावलंत. पण घरी तुमच्याकडे भांडी घासायला बाई येतात. त्यांचा चहाचा कप वेगळा असतो ना? फडताळात खालच्या फळीवर, कडेला, दांडी तुटलेला. नसेल तर मी चुकलो, मला क्षमा करा. असेल तर उद्या सकाळी त्या कपात आधी स्वतःसाठी चहा ओता, आणि तुमचा चांगला कप त्यांच्या हाती द्या.

हसणं थांबलं वाटतं. थांबू द्या. टाळ घ्या हातात, आता नाम घेऊ या. मोठ्याने, आणि घरी पोचेपर्यंत पुरेल एवढं.