आजार : शिकागो

ट्वायला : ...बकचा गुडघा काढला. प्रार्थनेच्या यादीतून म्हणतेय. आता तो गुडघा बकपेक्षा नीट चालतो. मॅव्हिस गेली, तीही काढली. आता कोण उरलं?

व्हर्लन : आपला देश.

ट्वायला : देश चाळीस वर्षं यादीत आहे, काडीचा उतार नाही. पण काढायचा कसा? नव्या पास्टरांना यादी एका पानात बसवून हवी. म्हणतात, बरे झालेले काढा, गेलेले काढा.

व्हर्लन : राष्ट्राध्यक्ष?

ट्वायला : ते राहतात. आपल्या पक्षाचा असला तर ‘रक्षण कर’, त्यांचा असला तर ‘सद्बुद्धी दे’. मी दोन्ही टाइप करून ठेवलेत. आता सरळ विचारते, व्हर्लन. तुझ्या मार्ला जीनचं काय करू?

व्हर्लन : राहू दे.

ट्वायला : अकरा वर्षं झाली.

व्हर्लन : देशाला चाळीस झाली म्हणालीस ना.

ट्वायला : अरे, पण आजार तरी काय लिहिलायस तू! हृदय, फुप्फुस, साखर, कंबर, आणि तुझ्या मुलीसमोर ‘शिकागो’. गेल्या महिन्यात नवीन आलेल्या बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हा आजार संसर्गजन्य आहे का.

व्हर्लन : मग काय लिहायला हवं होतं?

ट्वायला : काहीच नाही. पोरगी ठणठणीत आहे. शिकागोच्या कॉलेजात गणित शिकवते, सकाळी तळ्याकाठी पळते, ब्रिजेटबरोबर संसार करते.

व्हर्लन : मैत्रीण आहे ती.

ट्वायला : बायको आहे. रीतसर कागद आहे.

व्हर्लन : सरकार काहीही छापतं.

ट्वायला : बरं बाबा. तिचं पत्र आलंय तुला, ते कुठंय?

व्हर्लन : ...तुला कुणी सांगितलं?

ट्वायला : या गावात पोस्टाच्या खिडकीपाशी कोण बसतं? माझी जाऊ. दे इकडे. चष्मा विसरलास म्हणून वाचून दाखवते असं समज.

व्हर्लन : चष्मा नाकावर आहे.

ट्वायला : दे म्हटलं ना. ‘डॅडी, मेमध्ये थडग्यांवर फुलं वाहतात त्या रविवारी मला मम्माच्या थडग्यावर यायचंय. पण चर्चचं पत्रक आता यादीसकट इंटरनेटवर टाकतात, ते मी बघते. दर बुधवारच्या प्रार्थनेत माझ्या गावातली चौदा माणसं डोळे मिटून माझ्यासाठी हळहळतात. त्यांच्यासमोर मी कशी उभी राहू? मी आजारी नाही. माझं नाव काढलंत तर येते.’ ...एवढंच?

व्हर्लन : खाली ‘तुमची’ लिहिलंय. पूर्वी ‘लाडकी’ लिहायची.

ट्वायला : मग अडलंय कुठे? माझं बोट बटणावर आहे.

व्हर्लन : बोट काढ.

ट्वायला : तुला ती यायला नकोय?

व्हर्लन : तिची खोली मी दर शनिवारी पुसतो, ट्वायला.

ट्वायला : मग?

व्हर्लन : सकाळी कॅफेत बसतो ना आम्ही. जो तो आपल्या पोरांचं सांगतो. नातू, बढती, नवी गाडी. माझ्यापर्यंत आलं की कुणीतरी पटकन पावसाचा विषय काढतो. चांगली माणसं आहेत. मला अवघड वाटू नये म्हणून करतात. अकरा वर्षांत मी पावसावर इतकं ऐकलंय की हवामान खात्यात लागलो असतो.

ट्वायला : हं.

व्हर्लन : बुधवारी तसं नसतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. तू वाचतेस, ‘मार्ला जीन’. मोठ्यानं. त्या घरात आता तिचं नाव घेणार कुणाजवळ? तिची आई, ओपल, होती तोवर तिच्याजवळ घ्यायचो. ती गेल्यावर कुत्र्याजवळ. आता कुत्राही नाही.

ट्वायला : अरे देवा. आणि मी समजत होते, तू अजून पोरीवर रागावलायस.

व्हर्लन : रागावलोयच. माझं मत बदललेलं नाही.

ट्वायला : मताचं कोण विचारतंय? माझ्या थोरल्यानं तीन लग्नं केली, तिन्ही याच चर्चमध्ये, तिन्ही वेळा मी केक केला. यादीत नाव घालायचं कुणाला सुचलं का?

व्हर्लन : काढलं, आणि तरी ती आली नाही तर?

ट्वायला : तर...

व्हर्लन : तर बुधवारही गेला.

ट्वायला : खोटं नाही सांगत, व्हर्लन. मला माहीत नाही. पण देवाला तिचं नाव अकरा वर्षांत पाठ झालं असेल. चौदा माणसांनी आठवण करून द्यायला तो काही आपला बक नाही. मी कॉफी आणू का? तू विचार कर.

व्हर्लन : काढ.

ट्वायला : नक्की?

व्हर्लन : काढ म्हणतो ना. आणि बघ तुझी यादी, बसली का पानात.

ट्वायला : बसली. चार बोटं जागा उरली.

व्हर्लन : तो फोन इकडे सरकव.

ट्वायला : घरून कर की. मी इथे बसले तर सगळं ऐकेन, आणि ऐकलं की मी काय करते ते तुला ठाऊक आहे.

व्हर्लन : घरून सहा वेळा लावला. तिनं उचलायच्या आत ठेवला. इथे तू आहेस, लाजेखातर तरी धरून राहीन.

(ट्वायला फोन त्याच्याकडे ढकलते आणि कॉफीच्या निमित्तानं पाठ करून उभी राहते.)

मार्ला जीन : हॅलो?

व्हर्लन : मी आहे.

मार्ला जीन : डॅडी? कोण गेलं?

व्हर्लन : कुणी नाही. सगळे आहेत. मॅव्हिस गेली, पण ती ब्याण्णवची होती.

मार्ला जीन : मग फोन कसा केलात?

व्हर्लन : नाव काढलं.

मार्ला जीन : ...कधी?

व्हर्लन : आत्ता. दोन मिनिटं झाली असतील.

मार्ला जीन : डॅडी, मी एकटी येणार नाही. पत्रात लिहायचं धाडस झालं नाही. आम्ही दोघी येऊ, नाहीतर मीही नाही.

व्हर्लन : ...

मार्ला जीन : डॅडी? ठेवला का फोन?

व्हर्लन : नाही. आहे मी.

मार्ला जीन : तुमचं मत मला माहीत आहे.

व्हर्लन : तेच आहे अजून.

मार्ला जीन : माझंही.

व्हर्लन : हं. फुलं वाहून झाली की चर्चमागच्या झाडीत जेवणं असतात. तुला आठवत असेल. मी आपला दरवर्षी हॅम नेतो. ...मार्ला जीन?

मार्ला जीन : हो, बोला ना.

व्हर्लन : ब्रिजेट काय खाते?