दिसले तेवढेच

विश्वास कुणावर ठेवाल बाई — रात्र रात्र आकाशाकडे तोंड वासून बसणाऱ्यावर, की दिवसभर त्याच्या चित्रांना चौकटी ठोकणाऱ्यावर? नाही, वेधशाळेतून आलात, तुमच्या दालनात लावायची चार चित्रं तपासायला भिंग घेऊन आलात, म्हणून विचारतो. बसा ना — त्या स्टुलावर नको, काचेचा चुरा असतो. हां. तर आमचे दादा. थोरले बंधू, आणि त्याहून थोर चित्रकार! काळा पुठ्ठा, वर पांढरे ठिपके, खाली तारीख आणि सही — झालं चित्र. आमच्या गच्चीच्या दारावर चुन्याचे शिंतोडे उडालेत, त्याच्याखाली सही ठोकली असती तर तेही खपलं असतं. आणि ऐट काय, तर म्हणे, ‘‘डोळ्यांना दिसतील तेवढेच तारे काढतो, एक जास्त नाही, एक कमी नाही.’’ दुर्बीण चालत नाही, नकाशा चालत नाही. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, कोपरा जरा रिकामा वाटतो, चंद्र टाका — तर त्याला जिन्यापर्यंत हाकललं. का? त्या तारखेला अमावस्या होती! मी असतो तर दोन चंद्र दिले असते.

कुठला ठिपका म्हणालात? हा होय. धूळ असेल. — धूळ नाही? तारा आहेच तिथे? मग बरोबर निघालं की! ... दिसत नाही? कुणालाच नाही, दुर्बिणीशिवाय? अहो, पण पुस्तकात तर —

चहा घेता का?

बरं, ऐका. दोन वर्षांपूर्वी दादांनी एक चित्र आणून टाकलं, अर्धं आकाश कोरं. मी विचारलं, ढग होते का? तर म्हणे, ‘‘ढग कसले, लख्ख होतं.’’ तेव्हाच काय ते समजलो. बायको म्हणाली, डॉक्टरकडे न्या. कुणाला नेता? जिना पायऱ्या मोजून उतरतात, दाराला धडकतात, आणि वर मलाच सुनावतात की चष्म्याची काच तुझ्या दुकानातल्यासारखी निघाली! हट्टी, गर्विष्ठ माणूस. पण अर्धं कोरं चित्र घेतो कोण? आणि घेतलं नाही तर हे दुसरं करणार काय — उभ्या जन्मात दुसरं येतंय काय त्यांना? मग जुन्या बाजारातून ताऱ्यांच्या नकाशांचं पुस्तक आणलं. चौथीत शाळा सोडलेला मी, पण वाचायला शिकलो हो, माझा मीच. टाचणीचं टोक पांढऱ्या रंगात बुडवायचं आणि काच बसवायच्या आधी राहिलेले तारे भरायचे. आणि मापात मारायची मला सवय नाही — पुस्तकात होते तेवढे सगळे घातले, अगदी बारीकसारीकसुद्धा. तिथेच फसलो. बारीक ठिपका म्हणजे बारीक तारा, असं धरून चाललो. दिसतच नाही हे कसं कळणार? वर बघायला मला सवड कधी होती?

नाही नाही, त्यांना ठाऊक नाही. कसं असेल? कळलं तर ब्रश फेकून देतील, पुन्हा हातात धरणार नाहीत. मी जरासुद्धा संशय येऊ — थांबा. हे बघा, भिंतीकडे तोंड करून ठेवलंय ते. गेल्या महिन्यात आणलं. हातात देताना म्हणाले, ‘‘धाकट्या, याला नुसती काच बसव.’’ नुसती! तीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. काच नाही तर आणखी काय बसवतो मी?

... तीन दिवस टाचणी घेऊन बसलो होतो त्याच्यापुढे.

मोजा. भिंगाने मोजा हवं तर. अकरा आहेत. एवढा मोठा पुठ्ठा, आणि अकरा ठिपके! याला चित्र म्हणतात? हात बघा कसा हललाय, दोन तर एकमेकांना चिकटलेत. पण माझा त्यात एकही नाही. ती चार राहू द्या इथेच, हे न्या. आणि तुमच्या वहीत तारे अकराच लिहा — दयामाया म्हणून बारावा लिहू नका. त्या माणसाचा हिशोब चोख राहिला पाहिजे. धरा नीट, काच आहे. निघा आता, माझं गिऱ्हाईक ताटकळलंय.