सूर्य मोजणारे सर आणि निनावी अर्जी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय व्यंकटराव, व्यासपीठावरील शाळा समितीचे सन्माननीय सभासद, सत्कारमूर्ती दिनकरराव सर आणि समस्त सेलूकर बंधुभगिनींनो,

मी राधाकिशन, शाळेचा कारकून. माणसावर शक घेणं हा माझा स्वभाव, हे तुमाला सांगायला नको. हसा, हसा!

सर शेचाळीस साली आपल्याकडं आले. सासुरवाड इथली, म्हणून. म्हणाले, लढाईत आरमाराच्या राखीव दलात अधिकारी होतो, समुद्रातले सुरुंग काढायचो. आता दुधनाकाठच्या माणसानं हे कसं मानावं? त्यात रोज भर दुपारी शाळेच्या गच्चीवर चढायचं, पितळी यंत्रानं सूर्य मोजायचा, वहीत आकडे लिहायचे! शिडी धरायला वाल्मीक शिपाई. मी विचारलं, तर म्हणाले, "राधाकिशन, आमची बोट बुडाली. होडीत अकरा जण होतो, नऊ दिवस. हा सूर्य मोजत मोजत किनारा गाठला. आता सवय सुटत नाही." मला वाटलं, थाप आहे.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. जो तो दुसऱ्याकडं संशयानं बघायला लागला. तेवढ्यात कचेरीत निनावी अर्जी गेली, की हा माणूस गच्चीवरून रझाकारांना इशारे करतो, आकड्यांची वही नकाशांच्या कपाटात असते. सरांना सतरा दिवस परभणीच्या कोठडीत काढावे लागले. मुंबईहून आरमाराचा कागद आला, तेव्हा सुटले. त्या कागदात होडी होती, अकरा माणसंही होती.

मग अर्जी कोणाची? वहीची जागा वाल्मीकलाच माहीत, असं गाव म्हणालं. त्याची नोकरी गेली. नऊ वर्षं झाली, जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायलाय. सर, तुमी त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत. रागावू नका, पण एवढा समुद्र पाहिलेल्या माणसानं एकदा तरी विचारायचं होतं, की त्या कपाटाची किल्ली कोणाकडं असते?

माझ्याकडं असते.

व्यंकटराव, घंटी वाजवू नका, बोलू द्या. अर्जी मी लिहिली. डाव्या हातानं लिहिली, अक्षर कळू नये म्हणून. वाल्मीकची नोकरी जाताना मी तोंड उघडलं न्हाई. लाज वाटते हो, लय वाटते! तुमी सगळे असे का बघायलाय, ते कळतंय मला.

वाल्मीक आज बोलावणं नसताना आलाय. दाराशी उभा हाय. त्याला आत खुर्ची द्या.

अध्यक्ष महाराजांनी बोलण्याची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं उदार मनानं पोटात घालावं. पण जे केलं, त्याची माफी सभेनं देऊ नये. ती मी या दोघांकडं मागतो. अन् न्हाई दिली, तरी माझी तक्रार न्हाई.