खंडेनवमीला निजवलेला कॉम्प्युटर

मंडळी, बसलात ना सगळे? मांडी सैल सोडा, मोबाइलचे आवाज बंद करा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस खरं बोलतो तो कशामुळे? धाकाने? की देवासमोर उभा राहिला म्हणून? अहो, देवासमोर तर आपण डोळेच मिटतो! त्याला सगळं दिसतंय, निदान आपल्याला तरी दिसायला नको!

घरात काचेची बरणी फुटते. कोणी फोडली? — कोणीच नाही! दूध उतू गेलं. गॅस कोणी मोठा केला? — कोणीच नाही! गुरवकाका, गेल्या गुरुवारी तबल्याची शाई कशी उडाली हो? — बघा, बघा! लगेच पेटीवाल्यांकडे बघतायत!

म्हणा माझ्याबरोबर —

केले ते सांगावे । लाजू नये मना ।
झाकला तो गुन्हा । कुजे आत ॥

म्हणायला सोपं आहे. आता करायला किती अवघड, ते ऐका.

तासगावात एक घर. घरात चार माणसं. हर्षद, त्याची आई इंदुमतीबाई, बायको शलाका आणि अकरा महिन्यांचा टिंबू. शलाका एम. एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्रात. झाडाच्या पानावर डाग कशाने पडला ते सांगणारी बाई! पण बाळ झालं आणि तिचं सूक्ष्मदर्शक घराकडे वळलं. फ्रीजवर तिने एक कागद चिकटवला होता — बाळाला घेण्याआधी हात वीस सेकंद धुवावेत. बाटली उकळून घ्यावी. पापी फक्त पायाची घ्यावी! इंदुमतीबाई नातवाला घ्यायला वाकल्या की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “आई, वीस झाले का?” त्या माउलीने आयुष्यात एवढं मोजलं नव्हतं!

पण मंडळी, शलाकाला हसू नका. तिला कारण होतं. टिंबू सहा महिन्यांचा असताना एक दिवस रडता रडता त्याचा श्वास अडकला. ओठ निळे झाले, मान टाकली, अंग सैल पडलं. अर्धं मिनिट! मग एकदम श्वास आला आणि तो तिच्याकडे बघून हसला. तो हसला. ती त्या दिवसापासून हसली नाही. मग पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा.

मिरजेला मुंबईहून एक मोठे डॉक्टर यायचे, दोन महिन्यांतून एकदा. ते म्हणाले, “ताई, तोंडी नको. मला दाखवा. असं झालं की व्हिडिओ काढा, तारीख लिहा, आधी काय झालं, किती सेकंद, सगळं. त्यावरून ठरेल. झटके असतील तर औषध सुरू करावं लागेल, वर्षानुवर्षांचं. नसतील तर नाही.”

ही तर शलाकाच! तिने नऊ व्हिडिओ काढले. स्वतःचं बाळ निळं पडतंय आणि एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने मोबाइल धरायचा — कसं केलं असेल? मोबाइल भरला म्हणून सगळं घरातल्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि मोबाइलमधलं पुसलं. डॉक्टरांची वेळ मिळाली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने कॉम्प्युटर लावला. पासवर्ड टाकला. ‘स्वागत’ असं आलं. ठिपके गोल गोल फिरायला लागले — आणि थांबले! बाण हलेना. बटण दाबलं, हलेना. बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा पासवर्ड, पुन्हा स्वागत, पुन्हा थांबला! दारात पाहुणा यावा, आपण “या या” म्हणावं आणि उंबऱ्यातच त्याचा हात धरून दिवसभर उभं राहावं, तसं!

“हर्षद! कोणी काय केलं याला?”

“मी? मी कशाला काय करीन?”

“आई, तुम्ही?”

“मला मेलीला त्यातलं काय कळतंय!” इंदुमतीबाई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. कोथिंबीर काल निवडून झाली होती!

साडेदहाला इम्तियाज मुल्ला आले. एसटी स्टँडजवळ त्यांचं दुकान. पन्नाशी उलटलेला माणूस. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

“कधीपासून, वहिनी?”

“आज सकाळपासून. नवमीला सकाळी मीच लावला होता. नवा अपडेट आलाय म्हणाला, तो चालू केला आणि टिंबूला आंघोळ घालायला गेले. दसऱ्याला कोणी हात लावला नाही.”

इम्तियाजभाईंनी प्रिंटर काढला, पेन ड्राइव्ह काढला, एक एक वायर सोडवली. लावला. थांबला! मग म्हणाले, “सेफ मोडमध्ये बघू.” आता सेफ मोड म्हणजे काय? तर मंडळी, कडक उपास! साबुदाणा नाही, वरी नाही, नुसतं पाणी. त्यावर तरी जीव धरतो का बघायचं. पण हा बहाद्दर उपासालाही उठेना!

इम्तियाजभाई मागे टेकले. “वहिनी, आता दोनच गोष्टी राहिल्या. एक तर आतली डिस्क जायला आलीय. तसं असेल तर मी तिला आता बोट लावणार नाही. सांगलीला पाठवू, तिथले लोक आतलं काढून देतील. पाच-सहा दिवस जातील.”

“आज चारला डॉक्टर आहेत हो, भाई! पुढची वेळ दोन महिन्यांनी!”

“ऐका तर. नाहीतर अपडेट अर्धवट तुटलाय. तसं असेल तर तो मागे घेतो, दोन-अडीच तासांत उघडेल. पण डिस्क खराब असताना मी हे करायला गेलो, तर आहे तेही जाईल. म्हणून विचारतो. नवमीला, अपडेट चालू असताना, हा मध्येच बंद झाला होता का? लाइट गेली? बटण दाबलं? कोणी?”

आता बघा गंमत! उपाय माहीत, हात तयार, वेळ आहे. अडलंय कशावर? एका वाक्यावर! आणि ते वाक्य त्याच खोलीत कोणाच्या तरी घशात बसलंय!

हर्षदने मान खाली घातली. म्हणाला, “भाई, एक सांगू का? मी फुकटातला एक सिनेमा उतरवला होता. त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलं...”

“ते मागच्या दुरुस्तीलाच दिसलं होतं मला, भाऊ. त्याने काही झालेलं नाही. सिनेमाही भिकार आहे तो.”

“हर्षद!” शलाका ओरडली. “टिंबूचे व्हिडिओ आहेत त्यात, आणि तू —! या घरात माझं लक्ष जरा दुसरीकडे गेलं की संपलंच! कोणावर विश्वास ठेवायचा मी? कोणावर?”

झालं! जे वाक्य घशापर्यंत आलं होतं, ते परत पोटात गेलं! समोर माणूस असा कडाडत असेल, तर कोण बोलेल हो? तुम्ही बोलाल?

पण इम्तियाजभाई शहाणे. आयुष्यभर बिघडलेल्या वस्तू बघितल्या आणि त्या वस्तूंभोवती उभी असलेली माणसंही बघितली. त्यांची नजर भिंतीवरच्या बटणाकडे गेली. बटणावर हळदीकुंकवाचं बोट! चष्मा पुसत म्हणाले, “खंडेनवमी आमच्याही दुकानात होते, मावशी. माझा पार्टनर पवार सगळं मांडतो. पकड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी. मागच्या वर्षी एका शाळेचं मशीन चालू होतं. पवार म्हणाला, आज यंत्रांना विसावा. मी आपला गेलो आणि केलं बंद. मी! तीस वर्षांचा कारागीर! शाळेचे सगळे निकाल अडकले. हेडमास्तरांना मी काय सांगितलं असेल?”

“काय?” इंदुमतीबाईंनी हळूच विचारलं.

“लाइट गेली होती, म्हणालो.”

कोथिंबिरीची काडी हातात तशीच. मग इंदुमतीबाई म्हणाल्या, “मी केला बंद.”

शलाका वळली.

“नवमीला पूजा मांडली. विळी, कात्री, शिलाई मशीन, हर्षदची गाडी. म्हटलं, हा पण वर्षभर राबतो, टिंबूचं सगळं यातच आहे, याला कसं वगळू? बघते तर ते चाक फिरतंय, फिरतंय. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, बिचारा सणाचा पण दमतोय. बटण बंद केलं, हळदकुंकू लावलं, घटकाभर झेंडूचा हार घातला, नमस्कार केला. म्हटलं, माझ्या बाळाला बरं कर.”

“आणि आई, सकाळी मी विचारलं तेव्हा?”

“भ्याले.”

“कॉम्प्युटरला?”

“तुला गं.” इंदुमतीबाईंचा आवाज फुटला. “एक बटण चुकलं तर तू म्हणशील, यांना एवढं कळत नाही, तर पोर कसं सोपवायचं यांच्याकडे? कागदावर आणखी एक ओळ लिहिशील. मग मी त्याला लांबूनच बघायचं.”

मंडळी, शलाकाने तोंड उघडलं. रागावण्याचा तिचा हक्क होता, वाक्यही तयार होतं! पण बाहेर आलं ते एवढंच — “भाई, मागे घ्या अपडेट.”

इम्तियाजभाईंनी घेतला मागे. पडद्यावर आकडे चढत होते. दहा टक्के, बावीस टक्के... सत्तेचाळीसला येऊन हा अडला! सगळं घर त्या पडद्यापुढे बसलं होतं. आरतीलासुद्धा कधी एवढं एकचित्त झालं नव्हतं! पावणेदोनला ‘स्वागत’ आलं, ठिपके फिरले, फिरले — आणि उघडलं! आत नऊच्या नऊ व्हिडिओ. बोला, दत्त महाराज की... थांबा! जय म्हणायची घाई नको. आख्यान अजून संपलं नाही. खरं संकट पुढेच आहे!

चार वाजता मिरजेला डॉक्टरांनी नऊही व्हिडिओ बघितले. एक एक, दोन दोनदा. मग म्हणाले, “प्रत्येक वेळी आधी जोरात रडतोय, मग श्वास धरतोय. हे झटके नाहीत, मला वाटतं. रक्तातलं लोह तपासून घेऊ, ते कमी असलं की असं होतं पुष्कळदा. बहुतेक मोठा झाला की जाईल.” शलाकाला रडू यायला लागलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी तिची वही उघडली. “छान लिहिलंय. एकच विचारतो. पहिल्यांदा हे झालं, त्याच्या आधी कधी पडला होता का? डोक्याला लागलं होतं?”

वहीत त्याचं काही नव्हतं. वेळ लिहिली होती, सेकंद लिहिले होते, दूध किती मिली तेही लिहिलं होतं. हे नव्हतं.

ऐका बरं का! टिंबू साडेपाच महिन्यांचा होता. पलंगावर, दोन उशांच्या मध्ये ठेवलेला. शेजारी शलाका. मोबाइलवर वाचत होती. काय वाचत होती? ‘बाळ पलंगावरून पडू नये म्हणून घ्यायची काळजी’! सातवा मुद्दा वाचत होती आणि धप्प!

पाच महिने तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. रोज पहाटे जाग आली की वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच. आणि दिवस उजाडला की घरभर सगळ्यांच्या हातांवर नजर!

“नाही,” असं तिच्या ओठावर आलं. सोपं होतं. शेजारी सासू बसलेली, मांडीवर टिंबू. शलाकाने एकदा त्याला धरलेल्या सासूच्या हातांकडे बघितलं.

“पडला होता,” ती म्हणाली. “माझ्याजवळून. पहिल्या वेळेच्या पंधरा दिवस आधी. मी लिहिलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी टिंबूचं डोकं चाचपलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय ओढून बघितले. टिंबूने त्यांचा चष्मा ओढला. “ठीक आहे. त्याचा याच्याशी संबंध दिसत नाही. पण बरं झालं सांगितलंत, आता मी खात्रीने सांगू शकतो. औषध नको.”

बाहेर आल्यावर इंदुमतीबाई थांबल्या. शलाकाला वाटलं, आता ऐकावं लागणार.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बोलला असता.”

“बोलले असते,” इंदुमतीबाईंनी कबूल केलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हर्षद दोनदा पडला होता माझ्या हातून. एकदा तर पायरीवरून. तुझे सासरे गेले, पण त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी!”

“आई!” हर्षद ओरडला.

शलाका हसली. पाच महिन्यांनी! दवाखान्याच्या दारात, एवढ्या मोठ्याने की आतून सिस्टर बघायला आली!

तर मंडळी, माणूस खरं कशामुळे बोलतो? इम्तियाजभाई आधी बोलले, म्हणून इंदुमतीबाईंना बोलता आलं. इंदुमतीबाई बोलल्या, म्हणून शलाकाला. बस, एवढंच आहे ते! पोथी उघडायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खरंच बोलतो हो. बोलत असाल! मी ते विचारतच नाही. मी विचारते, तुमच्या घरात तुमच्यापाशी खोटं कोण बोलतं? तुमच्या चपलांचा आवाज आला की बोलता बोलता गप्प कोण होतं? सून? मुलगी? म्हातारे वडील? ती माणसं खोटी नाहीत हो. भ्यालेली आहेत. आणि कोणाला भ्याली आहेत, ते मी कशाला सांगू?

आज घरी जा. प्रसाद वाटा. आणि झोपायच्या आधी त्या एका माणसापाशी बसून आपली एक चूक सांगा. आपली! त्याची विचारू नका. सांगा आणि गप्प बसा.

काय हो काका, कुठे निघालात? बसा! अजून आरती आहे.